आत्याची मंजुळा आणि ठिपक्यांचं पान

आमच्या सुनेनं घरात मांजर आणलं आणि त्या दिवसापासून गॅलरीतल्या कुंड्यांची चौकशी सुरू झाली. मोबाईल हातात घेऊन ती एकेका झाडापुढं उभी राहते, फोटो काढते, काहीतरी वाचते आणि मला विचारते, "आई, हे मांजरानं खाल्लं तर चालतं का?" परवा ती हिरव्या रुंद पानांच्या, पांढऱ्या ठिपक्यांच्या झाडापाशी थांबली. मी म्हटलं, "ते आधी उचल. ते मांजराला चालत नाही आणि माणसालाही चालत नाही." तिनं विचारलं, "तुम्हाला कसं माहीत?" मी म्हटलं, "आमच्या घरी ते एकाच सकाळी आधी शेळीनं खाल्लं आणि मग माझ्या आत्यानं." सून खो खो हसली. तिला वाटलं, सासूबाई गंमत करतात. गंमत नव्हती, म्हणून हे सगळं नीट लिहून ठेवते आहे.

सोलापुरात आमचं घर मागांच्या वस्तीत होतं. दोन खोल्या, वर मातीचं सपाट माळवद, पुढं शहाबादी फरशीचं लहानसं अंगण, त्याला कमरेएवढी भिंत आणि एक कुरकुरणारं फाटक. शेजारच्या नरसम्मा मावशींच्या घरात चादरींचे माग होते. सकाळी ते सुरू झाले की आमच्या मांडणीवरच्या ताटल्या बारीक थरथरायच्या. त्या खटाखटीची आम्हाला इतकी सवय होती, की वीज जाऊन माग बंद पडले की कानाला दडे बसल्यासारखं व्हायचं आणि आम्ही उगीचच हळू आवाजात बोलायला लागायचो. वडिलांना आम्ही आप्पा म्हणायचो. ते रेल्वेच्या मालधक्क्यावर कामाला होते. घरी आले की धुळीनं माखलेले असायचे, पण फाटकातून आत येताना आधी आईच्या झाडांवरून एक नजर फिरवायचे, कारण नवीन झाड आलेलं असलं आणि त्यांनी विचारलं नाही, तर जेवताना वरणात मीठ कमी पडायचं.

आईला झाडांचा नाद होता. नाद म्हणजे अक्षरशः नाद. रस्त्यानं जाताना एखाद्या बंगल्याच्या कुंपणातून फांदी बाहेर आलेली दिसली की तिची चाल मंद व्हायची. मालकीण दारात दिसली तर आई गोड बोलून फांदी मागून घ्यायची, नाही दिसली तर परत येताना त्याच रस्त्यानं यायची. डालड्याचे डबे, फुटके माठ, मावशींच्या घरचे सुताच्या रंगाचे रिकामे डबे, सगळ्यांत तिनं काही ना काही लावलं होतं. पाणी दिवसाआड यायचं, म्हणून तांदळाचं धुवण, भाजीचं धुवण, आमच्या अंघोळीचं उरलेलं पाणी, सगळं झाडांच्या वाट्याला. जास्वंद होती, गुलाब होता, एका मोठ्या माठात दुहेरी गुलाबी फुलांची कण्हेर होती. फड्या निवडुंग होता. बोटाएवढे काटे आणि कुंकवाच्या टिकलीसारखी लाल फुलं असलेलं एक झाड होतं, त्याला आम्ही नुसतं 'काट्याचं' म्हणायचो. आणि सगळ्यांत लाडकं ते ठिपक्यांचं. स्टेशनकडच्या एका बंगल्यातून तिनं त्याचं बोटभर कांडं आणलं होतं. वर्षभरात ते माझ्या खांद्याला आलं. पानं एवढी रुंद आणि गुळगुळीत, की आई ओल्या फडक्यानं ती पुसायची, जशी माझी पाठ पुसायची तशीच. आता नर्सरीत त्याला डिफेनबेकिया म्हणतात. आम्हाला तेव्हा नाव माहीत नव्हतं आणि नावावाचून काही अडतही नव्हतं.

अशा घरात सुंदराआत्या आली. आप्पांची थोरली बहीण. मैंदर्गीजवळच्या खेड्यात राहायची, नवरा वारलेला, मुलगा कामासाठी लांब गेलेला. तिच्या डोळ्याचं ऑपरेशन सोलापुरात करायचं ठरलं होतं, म्हणून ती चार दिवसांसाठी आली आणि येताना शेळी घेऊन आली. एस.टी.च्या टपावर न बसवता तिनं कंडक्टरशी भांडून मंजुळाला आत, स्वतःच्या पायापाशी बसवून आणलं होतं. मंजुळा हे शेळीचं नाव. आप्पा म्हणाले, "आक्का, शेळी कशाला आणलीस गं?" तर आत्या म्हणाली, "मग कुणाला देऊ? शेजारीण दूध काडून घेईल आन् चारा न्हाय घालायची. मला डोळं मिटून पडायचंय की हितं. तिची काळजी करत पडू व्हय?"

ऑपरेशन झालं, हिरवी पट्टी गेली, काळा चष्मा आला, आणि आत्या राहिली. मला तिचं राहणं फार आवडलं. ती पहाटे उठून ज्वारीच्या कडक भाकरी करायची. पातळ थापून, शेगडीवर खरपूस वाळवून उभ्या लावायची, आणि उखळात शेंगाचटणी कुटायची तेव्हा लसणाचा वास थेट मावशींच्या मागापर्यंत जायचा. आणि बोलायची. आत्या किती बोलायची हे सांगून खरं वाटणार नाही. चूल पेटवताना चुलीशी, दूध काढताना मंजुळाशी, जेवताना सगळ्यांशी. मंजुळाशी ती निम्मं कानडीत बोलायची. "बा, बा इल्ली," म्हणजे ये, इकडं ये, असं म्हटलं की शेळी कुठूनही यायची. मावशींच्या घरातल्या मागांचा आवाज आणि आत्याचा आवाज, दोन्ही एकाच वेळी चालू असले की आई कपाळाला हात लावून मागच्या दारात जाऊन बसायची.

भांडण झाडांवरून होणार हे उघड होतं. उन्हाळ्याचे दिवस, शेळीला हिरवं मिळायचं नाही. आत्या मंडईतून कोबीचा पाला, मेथीच्या काड्या गोळा करून आणायची, पण मंजुळाचा डोळा आईच्या डब्यांवर. पहिल्या आठवड्यात गुलाब गेला. मग जास्वंदीचा शेंडा गेला. आईनं फड्या निवडुंग आणि ते काट्याचं झाड उचलून रांगेच्या पुढं मांडलं, तटबंदी केल्यासारखं. मंजुळानं एकदा तिथं तोंड घातलं आणि ओठात काटा घेऊन ओरडत मागं फिरली. आत्यानं तिचं तोंड मांडीवर घेऊन काटा उपटला आणि मग आईकडं वळली.

"असली झाडं दारात ठिवत न्हाईत सुमन. काट्याचं झाड दारात आलं की घरात भांडणं लागत्यात. लहान लेकरू हाय घरात, मुकं जनावर हाय."

"काटे असतात म्हणूनच कोणी जात नाही आक्का त्यांच्याकडं," आई म्हणाली. "तुमची मंजुळा बांधा, मग माझ्या झाडांना काट्यांची गरज पडणार नाही."

"बांदू? आयुष्यात बांदली न्हाय तिला."

नरसम्मा मावशी भिंतीपलीकडून ऐकत होत्या. त्यांनीही मान डोलावून सांगितलं, की त्यांच्या जावेच्या घरी असंच काट्याचं झाड होतं आणि तिथं वाटण्या झाल्या. संध्याकाळी आप्पा आले, त्यांच्यापुढं दोन्ही बाजू मांडल्या गेल्या. आप्पांना दिवसभराच्या कामानंतर फक्त शांतता हवी होती. त्यांनी काटेरी झाडं उचलून माळवदावर नेऊन ठेवली. "आता कुणाला टोचणार नाही," म्हणाले. त्या रात्री वरणात मीठ कमी पडलं. मला मात्र बरं वाटलं होतं, कारण अंगणात धावताना तो निवडुंग माझ्याही पिंढरीला एकदा लागला होता. काटे गेले म्हणजे धोका गेला, असं आम्हा सगळ्यांनाच वाटलं.

त्यानंतरची ती सकाळ. आप्पा कामावर गेले होते, शाळेला सुट्टी होती, मी ओट्यावर बसून कडक भाकरी चहात बुडवून खात होते. अंगणातून वेगळाच आवाज आला. मंजुळा ओरडत होती, पण घसा धरल्यासारखी. जाऊन बघते तर तिच्या तोंडातून फेसाळ लाळ गळत होती, ती डोकं झटकत होती आणि तोंड फरशीवर घासत होती. आत्या धावत आली. "यव्वा! काय झालं गं माज्या लेकराला? सुमन! काय घातलंस हिला?"

"मी? मी कशाला काय घालीन?" आई बाहेर आली आणि तिची नजर रांगेकडं गेली. ठिपक्यांच्या झाडाची दोन पानं अर्धी तुटली होती. एकाचा तुकडा खाली चघळून टाकलेला होता. "हे खाल्लंय तिनं," आई म्हणाली.

"त्यानं काय हुतंय? त्याला काटा न्हाय, घाण वास न्हाय. साधं पान हाय."

मी तिथंच उभी होते, तरी मला ते थांबवायचं सुचलं नाही, इतकं झटकन झालं. आत्याला माळरानावरची एक सवय होती. शेळीनं काय खाल्लं कळेना, की ते जिभेला लावून बघायचं. तिनं त्या झाडाच्या देठाचा तुकडा मोडला, तोंडात टाकला आणि दाढेखाली चांगला चावला.

आधी ती नुसती थबकली. मग तिचा चेहरा असा झाला, जसा मी त्याआधी किंवा त्यानंतर कुणाचाच पाहिला नाही. तिनं तुकडा थुंकला, दोन्ही हात तोंडावर दाबले आणि काहीतरी ओरडायला गेली, पण शब्द फुटेना. जीभ जाड झाली होती. ओठ आमच्या डोळ्यांदेखत सुजायला लागले. लाळ गळू लागली. एका बाजूला शेळी आणि एका बाजूला आत्या, दोघींचं एकच चाललं होतं. आज हे लिहिताना मला हसू येतंय, पण तेव्हा आलं नव्हतं. आईनं आत्याला नळाखाली नेऊन चुळा भरायला लावल्या, त्या झाडाचं एक पान पदरात बांधून घेतलं आणि मला म्हणाली, "शोभा, पळ. टांगा आण."

टांगेवाले चाचा आत्याला बघून खाली उतरले, पण आत्या मंजुळाची दोरी सोडेना. हातानं, डोळ्यानं, हुंकार देऊन तिनं सांगितलं, ही आली तरच मी येणार. चाचा म्हणाले, "बकरी बी बैठेगी क्या?" आई म्हणाली, "बसू दे चाचा, वेळ नाही." असा आमचा टांगा निघाला. पुढं चाचांशेजारी मी, मागं आई, आईच्या एका खांद्यावर आत्या आणि मांडीवर शेळीचं डोकं. आईच्या धुवट पातळावर दोघींची लाळ. त्या शेळीला आईनं तोवर एकदाही हात लावला नव्हता.

वाटेत जनावरांचा दवाखाना आधी लागायचा. आत्या तिथं पोचताच उतरण्यासाठी धडपडली, म्हणून थांबावं लागलं. तिथले डॉक्टर तरुण होते, चष्मा नाकावर घसरलेला. त्यांनी शेळीच्या तोंडात बघितलं, मग सहज आत्याकडं बघितलं आणि उभेच राहिले.

"यांना काय झालं?"

"त्यांनीपण तेच खाल्लंय," आई म्हणाली आणि पदरातलं पान पुढं केलं.

"दोघींनी?" डॉक्टरांनी पान उलटसुलट केलं. "ताई, या पानात आणि देठात डोळ्याला न दिसणाऱ्या सुया असतात. चावलं की त्या जिभेत, घशात घुसतात. शेळीचं तोंड मी धुतो, ती एवढ्यानं मरणार नाही. पण यांचा घसा सुजला तर श्वासाला त्रास होईल. मी जनावरांचा डॉक्टर आहे. तुम्ही यांना ताबडतोब सरकारी दवाखान्यात न्या. शेळी माझ्यापाशी ठेवा." आत्या हलेना, तेव्हा त्यांनी तिच्या हातातून दोरी अलगद काढून घेतली आणि म्हणाले, "मावशी, संध्याकाळी हिला न्यायला तुम्ही स्वतः यायचं. दुसऱ्या कुणाला देणार नाही." मग तिनं मान हलवली.

आम्ही निघताना त्यांनी आईला विचारलं, घरी आणखी कोणती झाडं आहेत. आईनं नावं सांगितली. कण्हेर म्हटल्यावर ते थांबले. "ती शेळीच्या तोंडाशी आहे? तिची थोडी पानं जरी हिच्या पोटात गेली असती तर मला काही करता आलं नसतं. माणसाच्या पोटात गेली तरी तेच." आईचा चेहरा पांढरा पडला. त्या कण्हेरीची फुलं ती रोज देवाला वाहायची आणि मी ती ओंजळीत घेऊन उभी असायचे.

सरकारी दवाखान्यात आत्याला इंजेक्शन दिलं, बाकावर बसवून ठेवलं आणि तोंडात बर्फ धरायला सांगितलं. बर्फ कुठून आणायचा? बाहेर गोळ्याची गाडी उभी होती. मी पळत गेले. गोळेवाल्यानं घाईत सवयीनं त्यावर लाल सरबत ओतून दिलं. आत्यानं तो गोळा चोखला, तिचं तोंड, हनुवटी, हाताची बोटं लालभडक झाली, आणि तपासायला आलेल्या नर्सबाई रक्त समजून किंचाळल्या. आई त्या सगळ्या गडबडीत हसली. आत्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तरी तिचे खांदे हलत होते. तीसुद्धा हसत होती. श्वास नीट चालू आहे, सूज वाढत नाही, असं दुपारी डॉक्टर म्हणाले आणि ऊन उतरल्यावर आम्ही मंजुळाला घेऊन घरी आलो.

आता प्रश्न दुधाचा. जनावरांच्या डॉक्टरांनी त्या दिवसाचं दूध टाकून द्यायला सांगितलं होतं, पण काढायला तर हवंच. आत्याला इंजेक्शननं गुंगी येत होती. आईनं पदर खोचला, मंजुळाच्या मागं बसली आणि सड ओढला. मंजुळानं लाथ मारून पातेलं उडवलं. आत्या भिंतीला टेकून बसली होती. तिनं हात वर केला आणि हवेतच करून दाखवलं, वरून खाली, एकेक बोट मिटत. आईनं तसं केलं, धार आली, पण थेट आईच्या नाकावर. आत्यानं कपाळ बडवून घेतलं. मग ती मंजुळाच्या अंगाकडं बोट दाखवून तोंडानं "म्मम्म" असं काहीतरी करू लागली. आईला कळेना. मला कळलं. "आई, तिच्याशी बोल. आत्या बोलते तसं." आईनं इकडं तिकडं बघितलं आणि अगदी लाजत म्हणाली, "बा, बा गं मंजुळे." मंजुळानं कान हलवले आणि शांत उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला आदळआपट ऐकू आली. आई अंगणात डबे उपडे करत होती. जास्वंद आधीच बाहेर आली होती, मुळांची माती फरशीवर पडली होती. आप्पा दारात उभे राहून "अगं, थांब की" म्हणत होते आणि ती थांबत नव्हती. तिचे डोळे सुजले होते. "मला नकोत," ती म्हणत होती, "या नादापायी आक्कांचा जीव गेला असता. पोरगी रोज कण्हेर हातात धरते. मला एकही नको."

आत्या आतून आली. ओठ अजून जाडच होते, बोलता येत नव्हतं. तिनं आईचं मनगट धरलं. आई म्हणाली, "आक्का, बाजूला व्हा." आत्यानं मान हलवली आणि ती सरळ त्या डब्यांच्या पुढ्यात मांडी घालून बसली. आईनं दुसऱ्या बाजूनं हात घातला, तर आत्या तिकडं सरकली. आप्पा आणि मी बघतच राहिलो. मग आत्या काहीतरी आठवल्यासारखी उठली, बाहेरच्या दगडी पायऱ्या चढून माळवदावर गेली आणि फड्या निवडुंगाचा डबा छातीशी धरून खाली आली. तिनं तो रांगेच्या पुढं होता तिथंच ठेवला. परत गेली आणि ते काट्याचंही आणलं. मग ठिपक्यांच्या झाडाकडं बोट करून तिनं वर दाखवलं, म्हणजे ते तिकडं, माळवदावर. कण्हेरीकडं बोट करून गल्लीच्या टोकाच्या महादेवाच्या देवळाकडं दाखवलं. तिथं आवाराला उंच भिंत आणि लोखंडी दार होतं, जनावर आत जात नव्हतं. आणि शेवटी तिनं कोपऱ्यातल्या मंजुळाची दोरी उचलली आणि स्वतःच्या हातानं खुंटीला बांधली.

आई तिथंच मातीत बसली. बराच वेळ ती रडली आणि मग तिचं लक्ष आत्याच्या तळहातांकडं गेलं. फड्या निवडुंगाची बारीक सोनेरी कुसळं दोन्ही हातांत भरली होती. आईनं मला चिमटा आणायला पाठवलं, आत्याचा हात उन्हात धरला आणि एकेक कुसळ उपटायला लागली. कुसळ निघालं की आत्या "स्स" करायची आणि आई "झालं, झालं" म्हणायची, जशी मला म्हणायची. शेजारी माग सुरू झाले होते. आप्पांनी जास्वंद पुन्हा डब्यात लावली, जरा वाकडी, पण लावली. त्यांना कामावर जायला उशीर झाला होता आणि ते जायचं नाव घेत नव्हते.

एवढ्यात फाटक कुरकुरलं आणि नरसम्मा मावशी विचारपूस करायला आत आल्या. त्यांनी सगळ्यांकडं बघितलं, पसरलेली माती बघितली, आणि त्या ठिपक्यांच्या झाडापाशी वाकल्या. "हेच का ते? इतकं चांगलं दिसतंय गं," म्हणत त्यांनी पानाला बोट लावायला हात पुढं केला.

"ए, हात लावू नकू!"

आवाज घोगरा होता, शब्द जाड जिभेवरून घरंगळत आले होते, पण आवाज आत्याचाच होता. आम्ही सगळे एकदम तिच्याकडं वळलो. तिलाही स्वतःचं नवल वाटलं असावं. तिनं एकदा आवंढा गिळला आणि पुन्हा म्हणाली, "आमची झाडं हायत ती. चावत्यात."

मावशींचा हात तसाच हवेत राहिला. आईनं आत्याचा तळहात सोडला नाही. चिमटा धरलेल्या हाताच्या मनगटानं तिनं आपले गाल पुसले आणि मावशींना म्हणाली, "ऐकलंत ना, आक्का काय म्हणतात ते?"